कानाचा भरवसा

"काका, बंद करा! अहो काका!"

प्रयोगशाळेत संशोधन करणारी मुलगी शेजारच्या खोलीतून तिसऱ्यांदा ओरडली, तेव्हा गारठाकाका पंपाकडे पाठ करून फडक्याला हात पुसत होते. शेवटी ती धावत आली आणि तिनंच बटण दाबलं. काका हसले.

"अगं, आत्ता तर चालू केला! नवं तेल घातलंय, बघ कसा लोण्यासारखा चालतोय."

तिनं नुसतं वायूच्या साठ्याच्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा तळाला टेकला होता.

जगात याहून थंड जागा फारशा नसतील, असं ते यंत्र होतं. त्यात दोन प्रकारचा हीलियम, एक जड, एक हलका. हलका वर तरंगतो. खालच्या जडात मुरलेला हलका पंपानं ओढून काढत राहायचा, म्हणजे त्याची जागा घ्यायला वरचा खाली उतरतो आणि उतरताना उष्णता शोषून घेतो. ओढलेला वायू पुन्हा आत सोडायचा. तेच मिश्रण एकोणतीस वर्षं फिरत होतं आणि त्यातला थेंबभरही काकांनी कधी वाया जाऊ दिला नव्हता. हलका हीलियम मागून मिळत नाही. आता मिळणार नाही, असं वरून लेखी आलेलंच होतं.

तेल बदललं की पंप आधी बाहेरच्या नळीवर चालवायचा, आतली हवा काढायची, मग झडपेची दांडी यंत्राच्या बंद चक्राकडे फिरवायची आणि त्यानंतरच मिश्रण सोडायचं. आज दांडी बाहेरच्या नळीवरच राहिली आणि सगळं मिश्रण हवेत निघून गेलं. पूर्वीही एकदोनदा राहिली होती, पण मिश्रण बाहेर पडायला लागलं की पंप असा गुरगुरतो की झोपलेला माणूस उठावा. हात चुकला तरी कान सांभाळून घेत.

ते कान पंपांनीच खाल्ले होते. बायको म्हणायची, "तुमच्यापेक्षा भिंत बरी, निदान हसत तरी नाही." काका म्हणायचे, तूच पुटपुटतेस. बहिऱ्या माणसाला पंपावर ठेवत नाहीत, भांडारात बसवतात. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. तेवढी निघतील, असं त्यांना वाटलं होतं.

मुलगी खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिची चार वर्षं या यंत्रात होती आणि फक्त तीन आठवड्यांची मोजमापं उरली होती. काकांना स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती. ती पाठमोरीच काहीतरी बोलू लागली. खांदे हलताना दिसत होते. बोलतेय म्हणजे मन मोकळं करतेय, बरं झालं, असं त्यांना वाटलं.

"हो, हो," ते मायेनं म्हणाले.

ती गर्रकन वळली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतला राग हळूहळू ओसरला, आणि ते काकांना जास्त लागलं.

"कधीपासून?" तिनं कानाला हात लावून विचारलं.

"झाली पाचसहा वर्षं."

ती अगदी समोर आली आणि मघाचाच प्रश्न सावकाश, ओठ दिसतील असा बोलली, "माझं सगळं संपलं ना, काका?"

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"हो," ते म्हणाले.