टाकीवरचा डबा

आमच्या तांड्यात घर बंद करायची एक पद्धत आहे. दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला निघतात. गोधड्या, भांडीकुंडी ट्रकमध्ये चढली की घरातलं वडीलधारं माणूस एकटं परत आत जातं. चूल विझली का ते बघतं, मेन स्वीच पाडतं, कुलूप लावतं, उंबऱ्याला हात लावतं आणि मागे न बघता ट्रकमध्ये जाऊन बसतं. मेन पाडल्याशिवाय घर बंद झालं असं कोणी मानत नाही. मी इथेच जन्मलो, लहानपणापासून हे बघत आलो, आणि तरीही चौदा घरांच्या विजेवर चालणारं नेटवर्क बांधताना ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. पुण्यात नऊ वर्षं नेटवर्कची कामं केली की अशी अक्कल येते.

तांडा केनवडपासून पाच किलोमीटरवर, खोलगट जागेत. मोबाईलला रेंज नाही. तीन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणासाठी परत आलो. ती गेली आणि मी राहिलो, कारण परत ये म्हणणारं पुण्यात कोणी नव्हतं आणि जा म्हणणारं इथे कोणी उरलं नव्हतं. बेचाळिसावं चालू आहे, लग्न झालेलं नाही, आणि आता होईल असं फक्त माझ्या मावशीला वाटतं.

काही तरी करायला हवं म्हणून शेलूबाजारला भंगारवाल्या मोईनच्या दुकानातून लोकांनी टाकून दिलेले राउटर आणले. आतला कंपनीचा प्रोग्राम पुसला आणि त्या जागी फुकट मिळणारा, जगभरच्या अनोळखी लोकांनी मिळून लिहिलेला प्रोग्राम घातला. केनवडच्या एका गच्चीवरून माझ्या छपरापर्यंत नेट आणलं आणि तिथून घरोघरी डबे लावले. राउटरला आमच्याकडे डबाच म्हणतात. एका घरचा डबा शेजारच्या घरच्या डब्याशी बोलतो, आणि एखादा बंद पडला तर बाकीचे आपले आपण दुसरा रस्ता शोधतात. रस्ता असला तर.

या प्रोग्रामचा एक नियम मला पहिल्यापासून आवडतो. घ्या, वापरा, हवा तसा बदला, वाटा. पण बदललेला दुसऱ्याला दिलात तर काय बदललं तेही त्याला उघड दाखवा. पुण्याच्या ऑफिसात नऊ वर्षं एकमेकांपासून सगळं लपवणारी माणसं बघितल्यावर हे वाचून मला अक्षरशः रडू आलं होतं. त्याच भरात मी अंगणवाडीच्या भिंतीवर ऑइलपेंटने तांड्याच्या नेटवर्कचा नकाशा काढला. घर म्हणजे गोल, रस्ता म्हणजे रेघ. कोणाचा डबा कोणाला जोडलाय ते ज्याला हवं त्याने बघावं आणि मला जाब विचारावा. लोक कौतुकाने आपापला गोल शोधायचे.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर चार दिवसांत चौदापैकी बारा गोल मेले. माझ्या कॉम्प्युटरवर घरांच्या नावांची यादी असते, चालू असेल तर हिरवं, बंद असेल तर लाल. एकेका घराचं मेन पडत गेलं तसतशी यादी लाल होत गेली आणि मी नुसता बघत बसलो. शेवटी दोन उरली, माझं आणि रुपाबाईचं.

रुपाबाई म्हणजे माझ्या आईची मैत्रीण. मी तिला काकी म्हणतो. पासष्टीची, गुडघ्याने अधू, तिचा मुलगा हरीओम बायकोला घेऊन तोडीला जातो. तिचं घर टेकाडावर आहे. अंगणवाडी टेकाडाच्या पलीकडे, त्यामुळे माझ्या छपरावरून ती दिसत नाही. नेट माझ्याकडून काकीकडे आणि काकीकडून अंगणवाडीत, असा एकच रस्ता उरला होता. अंगणवाडीची सेविका सुकेशनी रोज रिठदहून गाडीवर येते आणि तिला मुलांचे फोटो, वजनं रोजच्या रोज मोबाईलवरून वर पाठवावी लागतात. तांडा ओस पडला तरी खालच्या बाजूच्या, डबा नसलेल्या घरांत म्हाताऱ्यांजवळ ठेवलेली आठ-दहा पोरं उरतातच. मी काकीला बजावून सांगितलं की तुझ्या घरचं मेन पडलं तर सगळं बंद पडेल. आम्ही आपसात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतो, इथे तुम्हाला कळावं म्हणून ते बोलणं वऱ्हाडीत लिहितो. ती म्हणाली, "पडू देत नाई बापा किशन. मी हाय ना."

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला डबा बघायला टेकाडावर जायचं हा माझा नेम झाला. स्टुलावर चढायचं, तीन दिवे लागलेत ते बघायचं, डॉक्टरासारखं हं म्हणायचं आणि उतरायचं. तोवर काकीने चहा ठेवलेला असायचा. खरं सांगायचं तर डबा बरा आहे की नाही हे मला घरी बसल्या कॉम्प्युटरवर दिसत होतं. पण पाचच्या त्या चहाखेरीज दिवसभरात माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं. सुकेशनी दुपारी एकलाच परत जाते. उरलेल्या म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही, नाहीतर मला ऐकवत नाही.

ही झाली तीन वर्षांची गोष्ट. यंदा दोन फरक पडले. एक म्हणजे हरीओमची बायको अंजू पोटुशी. दुसरा म्हणजे तांड्याच्या वरच्या अंगाला पाण्याची नवी टाकी झाली. ती माझ्या छपरावरूनही दिसते आणि अंगणवाडीतूनही. दिवाळीत मी तिच्यावर एक जास्तीचा डबा चढवला, सोलरची लहान प्लेट जोडली आणि कधी लागला तर असू दे म्हणून विसरून गेलो.

डिसेंबरच्या मध्यात काकीकडचा फ्यूज उडाला आणि चार तास तिच्या घरी लाइट नव्हती. मी शेतातून आलो आणि यादी बघितली. रुपाबाई लाल, अंगणवाडी हिरवी. तिथलं नेट एक क्षणही अडलं नव्हतं. काकीचा डबा गेल्याबरोबर बाकीच्या डब्यांनी टाकीवरून रस्ता काढला होता आणि तो आधीपेक्षा सरळ होता. कारागिराला आनंद व्हावा असं काम झालं होतं. मला झाला नाही.

मी फ्यूज बांधून दिला. चहा प्यालो. टाकीचं बोललो नाही. भिंतीवरच्या नकाशात टाकी काढायला डब्यात रंग होता, ब्रश होता, आणि अंगणवाडी दोनशे पावलांवर होती.

संक्रांतीच्या तीन दिवस आधी हरीओमचा नेटवरून फोन आला. उसाच्या फडाजवळच्या एखाद्या उंचवट्यावर चढून बोलत असावा, वारा ऐकू येत होता. त्याने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"भाऊ, माय काहून येत नाई, सांगू? तुया डब्ब्यापायी. म्हन्ते, माया घरचं मेन पाडलं तं किशनचं सारं बंद पडते. अंजूले आठवा सरला. तिले माय नाई. अठी बाईमानूस कोनीच नाई रे."

मला वाटत होतं की गुडघ्यांमुळे ती जात नाही. निदान असं वाटून घेणं मला सोयीचं होतं. आता माझ्याकडून एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "पाह्यतो."

दोन दिवस पाहत राहिलो. पहिल्या दिवशी पाचला गेलो, स्टुलावर चढलो, हं केलं. काकीने अंजूसाठी जुन्या लुगड्याचं लहान पांघरूण शिवायला घेतलं होतं. चांगलं झालंय म्हणालो. दुसऱ्या दिवशी ठरवून गेलो आणि तिने तिळाचे लाडू पुढे केले. लाडू खाऊन परत आलो. घरी येऊन स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की आई असती तर बाहेर आली असती. एका बाईला पोर होणार, तिच्याजवळ कोणी नाही, आणि बेचाळीस वर्षांचा बाप्या चहा सुटेल म्हणून तोंड दाबून बसला आहे. याला दुसरं नाव नाही. मी तिची सासू चोरून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी स्टुलावर चढलोच नाही. दारातूनच सांगितलं.

"काकी, तुया डब्ब्याची गरज नाई. टाकीवरून चालते सारं. महिना झाला."

ती चहा गाळत होती, तो गाळून झाला. कपबशी माझ्यापुढे ठेवली, स्वतःची घेतली आणि भिंतीला टेकून बसली.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली.

फ्यूज उडाला त्या दिवशी सुकेशनी घरी जाता जाता तिच्या ओट्यावर बसून उरलेले फोटो पाठवत होती. काकीने तिला विचारलं होतं की माझा डबा तर मेला, मग हे जातं कुठून. सुकेशनी म्हणाली होती, टाकीवरून जात असेल. झालं. तीन वर्षं माझं बोलणं ऐकून ऐकून या बाईला माझं नेटवर्क माझ्याइतकंच कळत होतं.

मी विचारलं, मग राहिलीस काहून. तिने गुडघ्यावरून हात फिरवला.

"तीस वरीस ऊस तोडला म्या. हरीओम फडातच झाला, पाचटावर. मले आता त्या गावचा वास बी नोको वाट्टे. तू म्हटलं तुया लाइटीबिगर चालत नाई, तं मले निमित्त भेटलं." मग बशीतला चहा फुंकून ती म्हणाली, "अन तू रोज पाच वाजता येतच होता."

दोघांनाही खरं माहीत होतं आणि दोघंही त्या डब्याच्या आड बसलो होतो. मी खालमानेनेच म्हणालो की अंजूला तिथे कोणी नाही.

"ठाऊक हाय रे. जातो मी." उठता उठता तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यात तो जुना खोडकरपणा आला. "आता काय टाकीवर चढशीन चा प्याले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. एक पिशवी, एक गाठोडं, ते लहान पांघरूण. मी सामान घेऊन ओट्याखाली उभा राहिलो आणि ती एकटी परत आत गेली. आतून खट् असा आवाज आला. बाहेर येऊन तिने कुलूप लावलं, उंबऱ्याला हात लावला, किल्ली माझ्या हातात दिली आणि डबा काढून ने, कोणाच्या तरी कामी येईल, असं सांगितलं. केनवडपर्यंत जीपने गेलो, पुढे रिसोडला तिला एसटीत बसवून दिलं. खिडकीतून तिने मागे बघितलं नाही. पद्धतच आहे, त्यात वाईट वाटायचं कारण नाही, पण मला वाईट वाटलं.

परत येऊन यादी उघडली. रुपाबाई लाल. रस्ता महिन्यापासून टाकीवरूनच होता. सुकेशनीचं काम चालू होतं, काही अडलेलं नव्हतं, काही हरवलेलं नव्हतं. मी बांधलेलं नेटवर्क इतकं चांगलं होतं की त्याला आता तांड्यात राहणाऱ्या माणसांची गरज उरली नव्हती, माझीसुद्धा नाही.

मग रंगाचा डबा घेऊन अंगणवाडीत गेलो आणि भिंतीवर टाकी काढली. तिथून दोन रेघा ओढल्या. शेजारी तारीख घातली ती खरी, डिसेंबरची. सुकेशनी पोरांची वजनं करत होती. तिने तारीख वाचली, माझ्याकडे बघितलं आणि पुढचं पोर काट्यावर ठेवलं. काकीचा गोल मी पुसला नाही. तिचा डबाही काढला नाही.

पाच वाजता पाय टेकाडाकडे वळतात, त्याला इलाज नाही. ओट्यावर बसतो, कुलूप बघतो, मोबाईल बघतो. तिथे नेट उत्तम येतं, टाकीवरून.

अकराव्या दिवशी मी तसाच ओट्यावर बसलो असताना फोन वाजला. हरीओम दवाखान्यातून बोलत होता. पोट्टी झाली, अंजू बरी आहे, वेळेला माय होती म्हणून निभावलं, एवढं बोलून त्याने फोन काकीकडे दिला. मागे खूप माणसांचा आवाज होता, त्यात एक अगदी नवा, बारीक आवाज. काकी नातीचं काही बोललीच नाही.

"पाच वाजले ना तिकडं," ती म्हणाली. "चा पेला का?"

हो म्हणालो.

"कोनाकडं?"

"सुकेशनीकडं."

बरं झालं, ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखरच हलका झाला. सुकेशनी त्या दिवशीही दुपारी एकलाच रिठदला गेली होती.