काळी राणी कोण?

आमच्या जावामधल्या गावात रॉकचा कार्यक्रम करायचा, तर आधी सरपंचाला गाण्यांचा अर्थ सांगावा लागतो. आमच्या सरपंच सुगोंदोसाहेबांना तर गिटार दिसली तरी सैतान आठवतो.

“‘ज्वाळांत उभी काळी राणी.’ ही कसली पूजा?” साहेबांनी विचारलं.

“माझी आई आहे ती,” आमची गायिका रोफिको म्हणाली. “काडीला मटण टोचून कोळशावर साते भाजते, वर शेंगदाण्याची चटणी घालते. तुम्ही रोज तिथेच तर खाता.”

“मग सरळ आई म्हण. राणी काढून टाक.”

“एक शब्द बदलणार नाही.”

मी तिला कोपराने ढोसलं. ती ढिम्म.

“बरं. आणि तिच्यापुढे जबडा वासून बसलेला राक्षस कोण?”

साहेबांच्या शर्टावर शेंगदाण्याच्या चटणीचा ओघळ होता. रोफिकोने तो नीट पाहून घेतला.

“पहिल्या रांगेत बसा,” ती म्हणाली. “ते कडवं तुमच्याकडे बघूनच गाते.”