आमेनच्या आधी

पाळकसाहेबांनी ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा दयाबाईंना वाटलं, आपल्याच कानात काहीतरी बिघडलं. चर्चमधली उपासना संपत आली होती, बायकांच्या बाजूची लेकरं चुळबुळ करत होती आणि साहेब चष्मा सावरून लग्नाची सूचना वाचत होते. लग्न ठरलं की ते तीन रविवार मंडळीपुढे वाचायचं आणि दर वेळी कोणाची हरकत आहे का असं विचारायचं, ही जुनी रीत. वर कर्जतचा, वय अठ्ठावीस, टेम्पो चालवतो. वधू कल्याण यांची कन्या आराधना, वय अठरा पूर्ण.

अठरा? आराधनाचा दहावीचा निकाल मागच्याच महिन्यात लागला होता आणि तिच्या आईने दिलेला पेढा दयाबाईंनी याच तोंडाने खाल्ला होता. सोनईच्या पुढच्या या लहानशा मंडळीत घरं चाळीस. कोणाचं लेकरू कधी जन्मलं हे सगळ्यांना ठाऊक. त्यात दयाबाई तीस वर्षं अंगणवाडी चालवून निवृत्त झालेल्या. आराधनाला वजनकाट्याच्या झोळीत त्यांनीच घातलं होतं, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने दचकून पोरीने भोकाड पसरलं तेही त्यांच्याच मांडीवर. पाळकसाहेब बिचारे नवे, केडगावहून येऊन तीन महिने झालेले, त्यांना काय माहीत? पण बाकीचे? दयाबाईंनी मान न वळवता इकडेतिकडे पाहिलं. सगळी मंडळी मिठाच्या खांबासारखी थिजून बसली होती.

हरकत आहे का, असं साहेबांनी विचारलं. दयाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या बसूनच राहिल्या. त्याला कारण होतं, आणि ते कारण त्या स्वतःच होत्या.

या मंडळीत बाई उपासनेत बोलत नसे. पौलाने बायबलात तसं लिहून ठेवलंय, आणि दयाबाईंनी ते महिला मंडळाच्या दोन पिढ्यांकडून घोटून घेतलं होतं. बाईला काही विचारायचं असेल तर तिने घरी नवऱ्याला विचारावं, आणि मंडळीत काही सांगायचं असेल तर ते नवऱ्याने उठून सांगावं. पुरुषाचं डोकं उघडं हवं, बाईचं झाकलेलं. चर्चच्या दाराशी एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात धुऊन घडी केलेल्या ओढण्या. कोणी पोर उघड्या डोक्याने आली की दयाबाई पेटी उघडायच्या. नव्या सुना त्यांना मागून 'ओढणीपोलीस' म्हणत. दयाबाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

बाईला मुभा होती ती एकच. डोकं झाकून प्रार्थना करायला पौलाची ना नाही, म्हणून सूचना संपल्या की बायकांतर्फे एक प्रार्थना व्हायची आणि ती वर्षानुवर्षं दयाबाईच करायच्या. पाऊसपाणी, आजारी माणसं, परीक्षेला बसलेली पोरं, आमेन. त्या रविवारीही त्यांनी तीच केली, पण आपण काय म्हणालो हे त्यांना नंतर आठवेना.

आराधनाशी त्यांचं वाजलं होतं ते ईस्टरला. पोरगी चर्चमध्ये कीबोर्ड वाजवायची, आणि असा वाजवायची की म्हाताऱ्यांचेही पाय ठेका धरत. त्या दिवशी ती जीन्स आणि आखूड कुर्ता घालून आली. दयाबाईंनी पेटीतली ओढणी काढून सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावर घातली. वाजवताना ओढणी घसरून पट्ट्यांवर यायला लागली, तशी पोरीने ती काढून बाजूला ठेवली आणि पुढचं गाणं धरलं. एवढंच झालं. पण दयाबाईंना ते जिव्हारी लागलं, आणि सोमवारी सकाळी त्या थेट कल्याणच्या दारात उभ्या राहिल्या. कल्याण साखर कारखान्यात कामाला, चार लोकांतल्या अब्रूला फार जपणारा माणूस. पोरीला आत्ताच आवर घाल, नाहीतर हातातून जाईल, असं त्या त्याला म्हणाल्या. आवर कसा घालायचा ते काही त्यांनी सांगितलं नव्हतं. कल्याणने तो आपल्या परीने घातला.

घरी आल्या आल्या दयाबाई नवऱ्यामागे लागल्या. पुढच्या रविवारी उठा आणि हरकत घ्या. रॉबिन मंडळीचे चिटणीस होते, त्यांचा शब्द खाली पडला नसता. पण ते हात धुऊन पाटावर बसले आणि म्हणाले, साहेबांनी बाप्तिस्म्याचा दाखला बघूनच सूचना लावली आहे, कागद बरोबर असल्यावर मधे पडणारे आपण कोण? जेवायला वाढ.

दयाबाईंनी वाढलं. भाकरी ताटात टाकताना त्यांचा हात जागीच थांबला. दाखला देतं कोण? मंडळीचं रजिस्टर आणि दाखल्यांचं पुस्तक, दोन्ही तर याच घरातल्या कपाटात.

त्यांनी कपाट उघडलं. रजिस्टरात आराधनाचा जन्म अकरा फेब्रुवारी दोन हजार नऊचा होता. दाखल्यांच्या पुस्तकात मागे राहिलेल्या स्थळप्रतीवर दोन हजार सात. अक्षर दोन्हीकडे तेच, गोल आणि टपोरं. पोस्टमनने चुकून टाकलेलं दुसऱ्याचं पत्र भर उन्हात सायकलवरून पोचवून येणारा हा माणूस. त्याच्याबरोबर अडतीस वर्षं संसार केला, आणि आज दयाबाईंना तो ओळखू येईना.

"हे तुमी लिवलं?" त्यांनी विचारलं.

रॉबिननी घास खाली ठेवला. "कल्याण रडत आला हुता. आन तूच म्हनत हुतीस ना, पोरगी हाताभायेर चाललीय?"

"मी कपड्याचं बोलले हुते."

"मग? कपड्यावरनंच सुरू हुतं समदं. हे बी तूच सांगती बायांना."

ते वाक्य खरंच त्यांचं होतं, गेल्याच महिला दिनाच्या उपासनेला त्यांनी ते बायकांना ऐकवलं होतं.

दुसऱ्या रविवारी नाव पुन्हा वाचलं गेलं. रॉबिन साहेबांच्या शेजारच्या टेबलाशी बसून आपली नखं बघत राहिले. बुधवारी दयाबाईंना राहवेना, त्या कल्याणच्या घरी गेल्या. आराधना साडी नेसून बसली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, दोन्ही कानांशी पिना लावलेल्या. तिची बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप चालत होती. दयाबाई दिसताच तिने ती मांडीवर घेतली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "आता नीट घेते ना मी पदर? घरातबी काढत न्हाई. तुमी पप्पांना सांगा ना, शिकली म्हनावं आता."

दयाबाई हादरल्या. पोरीला वाटत होतं, ही शिक्षा आहे, आणि नीट वागलं की शिक्षा सुटते. अकरावीचा फॉर्म भरायचा राहिलाय, हेही तिने सांगितलं. तेवढ्यात कल्याण पाळीवरून आला आणि दारातच त्याने दयाबाईंना हात जोडले. बाई, तुमचे उपकार आहेत, तुम्ही वेळेवर सावध केलंत, असं तो अगदी मनापासून म्हणाला. त्याने दिलेला चहा तसाच ठेवून दयाबाई निघाल्या.

अंगणवाडीच्या दिवसांपासून लेकरांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये होता. दोनदा त्यांनी तो काढला. पण फोन केला की पोलीस येणार आणि पहिलं बोट रॉबिनकडे जाणार. शनिवारी त्यांनी रॉबिनना शेवटचं विचारलं. त्यांनी एवढंच म्हटलं, की मी उठणार नाही, आणि बाईने उठायचं नाही हा तुझाच नियम आहे. आपल्याच हाताने खणलेल्या खड्ड्यात दयाबाई गळ्यापर्यंत उतरल्या होत्या.

तिसऱ्या रविवारी आराधनाला पुढच्या बाकावर बसवलं होतं. कीबोर्डवर कापड झाकलेलं. साहेबांनी नाव वाचलं आणि हरकतीचं विचारलं. दयाबाईंनी रॉबिनकडे पाहिलं. रॉबिननी नखांकडे पाहिलं. साहेबांनी कागदाची घडी घातली आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, आता बायकांतर्फे प्रार्थना.

दयाबाई उठल्या, पदर नीट घेतला. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. प्रार्थना चालू असता आमेनच्या आधी डोळे उघडायचे नाहीत, मधे बोलायचं नाही, हे या मंडळीत दुधाचे दात पडायच्या आधी शिकवतात. शिकवतात म्हणजे, दयाबाईच शिकवत आल्या होत्या.

"हे स्वर्गीय पित्या," त्या म्हणाल्या. "तुझी लेक आराधना सोळा वर्षांची आहे. अकरा फेब्रुवारी दोन हजार नऊ. आमच्या रजिस्टरात तसंच लिहिलंय. दाखल्यात तिला अठराची केली, ते माझ्या यजमानांनी केलं. आणि त्यांना न् तिच्या बापाला ही वाट मी दाखवली, एका ओढणीपायी. इथं बसलेल्या सगळ्यांना तिचं वय ठाऊक आहे. तुलाही आहे. या लग्नाला माझी हरकत आहे, प्रभू."

आणि त्या थांबल्या. आमेन म्हणाल्या नाहीत.

चर्चमध्ये नुसता पंख्याचा आवाज. शंभर माणसं माना घालून, डोळे मिटून बसलेली, आणि सुटका कुणाचीच नाही. पुरुषांच्या बाजूचं एक बाक करकरलं, कल्याण अर्धवट उठला असावा. तशी आंधळ्या छबूबाई बायकांच्या बाजूने दरडावून म्हणाल्या, "प्रार्थना चालू हाय. बस खाली." बाक पुन्हा करकरलं.

पाळकसाहेब खाकरले. "दयाबाई," ते अगदी हळू म्हणाले, "आमेन म्हणा."

"हरकत लिवून झाली की म्हनते, साहेब."

मग चिटणीसाच्या टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला. वहीची पानं उलटली. दयाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. तिकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती.

"तारीख?" रॉबिननी विचारलं.

"रजिस्टरात तुमच्याच हातची हाय," दयाबाई म्हणाल्या.

पेन कागदावर चालू लागलं. ते फार वेळ चाललं, एका तारखेपेक्षा कितीतरी जास्त वेळ, आणि ते काय काय लिहीत होते हे दयाबाईंना दिसत नव्हतं. मग पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

दयाबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधीच पुढच्या बाकावरून आमेन आलं. आवाज कोवळा होता, आणि साऱ्या चर्चला ऐकू गेला.