केर्लीच्या चढावरची बाटली

शिवाजी पेठेत आमच्या बोळात मुस्कान राहते, सायकल शर्यतीतली. तिची आई अफसाना आणि मी त्या दिवशी भर उन्हात केर्लीच्या चढाला पाण्याच्या बाटल्या धरून उभ्या होतो. अफसानाचा रोजा होता. माझी एकादशी होती, आणि ती मी पाण्याशिवायच करते. दोघींच्या हातांत पाणी आणि दोघींचे घसे कोरडे, याचं आम्हालाच हसू येत होतं.

ती आशियाई स्पर्धेसाठी निवडीची शर्यत होती. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीच्या भारतीय संघात मुलींची एकच जागा उरली होती, आणि जी पहिली येईल तिला ती मिळणार होती. मुस्काननं या जागेसाठी पहाटेची झोप कधीची सोडली होती. मी अंबाबाईच्या काकड आरतीहून परतताना ती पन्हाळ्याहून येताना दिसायची, घामानं निथळलेली. "काकू, माझ्यासाठी पण मागा की देवीकडं," म्हणायची. मी मागायचे, रोज मागायचे. शर्यतीच्या दिवसाचा रोजा मुस्कान नंतर भरून काढणार होती.

चालत्या सायकलवर बाटली कशी द्यायची हे तिच्या विजयसिंह सरांनी आम्हाला शिकवलं होतं. मला म्हणाले, "काकू, नैवेद्य दाखवल्यासारखी दोन हातांनी धरू नका. चिमटीत धरा, हात लांब करा, आणि तिनं ओढली की सोडून द्या. बाटलीला जीव लावू नका." अफसाना आधी उभी राहणार होती आणि मी थोडी पुढं. तिच्याकडची बाटली निसटली तर मुस्काननं माझ्याकडची घ्यायची, असं ठरलं होतं.

तिसऱ्या फेरीला चढावर दोघीच पुढं दिसल्या. एक मुस्कान आणि तिच्या चाकाला चाक लावून एक उंच, काटकुळी मुलगी. मागचा घोळका अजून वळणापाशीही नव्हता. दोघी आळीपाळीनं पुढं होऊन वारा अंगावर घेत होत्या, म्हणजे मागचीला तेवढाच दम खाता येई. मुस्काननं आईच्या हातातली बाटली अलगद उचलली. ती पुढं गेली तशी दुसरी मुलगी माझ्यासमोर आली. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. तिचा हात हँडलवरून जरासा सुटला आणि पुन्हा जाग्यावर गेला.

आमच्या शेजारी उभे असलेले सर म्हणाले, "राजनंदिनी. चंदगडची हाय. बाटल्या द्यायला वडील येणार होते, घरात म्हैस व्यायला झाली म्हणून अडकले."

"म्हणजे तिला पाणी द्यायला कुणीच न्हाय?" अफसानानं विचारलं.

"सायकलला लावलेली एक होती. ती कवाच संपली असंल."

अफसाना पदरानं तोंड पुसत माझ्याजवळ आली. "संयोगिताताई, पुढच्या फेरीला तुमच्याकडची तिला द्या."

"जागा एकच आहे गं," मी हळूच म्हटलं.

"मला म्हायत न्हाय व्हय?"

सरांनी ऐकलंच. "भाभी, अशानं ती मुस्कानला खाईल."

"खाऊ दे. पण पाणी पिऊन खाऊ दे."

रोज ज्या मुलीसाठी हात जोडले, तिचीच जागा त्याच हातानं दुसरीला द्यायची, हे माझ्या मनाला पटत नव्हतं. पण अफसानाचे सुकलेले ओठ माझ्यासमोर होते. तिला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

चौथ्या फेरीला राजनंदिनी मुस्कानच्या मागं हातभर पडली होती. मुस्काननं आईची बाटली घेतली. मी हात लांब केला. राजनंदिनीचे डोळे आधी विश्वास न बसल्यासारखे झाले, मग माझ्या बोटांना एक हिसका बसला आणि बाटली गेली. "मावशी," एवढंच वाऱ्यातून ऐकू आलं.

शर्यतीचा शेवट पुढच्या फेरीला, त्याच चढाच्या माथ्यावर होता. दोघी सायकलवर उभ्या राहून आल्या. रेषेजवळ येईपर्यंत मुस्कान पुढं होती. रेषेवर राजनंदिनीचं चाक पुढं होतं, अर्ध्या चाकानं.

मुस्कान रस्त्याच्या कडेला धुरळ्यात बसली. तिनं मान वर केली. "अम्मी, तिला पाणी तू द्यायला सांगितलंस?"

"दिलं मी, माझ्या हातानं," मी म्हटलं.

"काकू, अम्मीनं सांगितल्याबिगर तुम्ही देणार न्हाईसा."

अफसाना तिच्यासमोर उकिडवी बसली. "रोज्यात उभी राहून तहानलेल्या पोरीचं पाणी अडवू व्हय मी?"

मुस्कान रडली. अफसानानं तिला उगी उगी केलं नाही की स्वतःच्या वागण्याची सफाई दिली नाही. पोरीच्या बुटाची नाडी सोडली, पाय मांडीवर घेतला आणि पोटऱ्या चोळत राहिली. आपल्या पोरीचं काय गेलं हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, आणि तरी तिनं ते केलं होतं. मी इतकी वर्षं उपास करते. पण उपासानं माणूस असा व्हावा, हे मी त्या दिवशी पाहिलं.

राजनंदिनी सायकल हातात धरून आली आणि जरा लांबच उभी राहिली. "ती बाटली नसती तर मी चढाखालीच मागं पडले असते," म्हणाली.

"म्हायत हाय," मुस्कान नाक पुसत म्हणाली. "तुझा श्वास ऐकत होते की मी. म्हटलं, गेली आता ही. तवर काकूंनी हात लांब केला."

"मग?"

"मग काय, शिव्या घातल्या मनात. तुला न्हाय, अम्मीला."

अफसाना खाली मान घालून हसली. पोटऱ्या चोळायची मात्र थांबली नाही.

मुस्काननं राजनंदिनीला नीट न्याहाळलं. "तिकडं आशियाई स्पर्धेत शर्यत सपाट रस्त्यावर हाय म्हणत्यात. चंदगडात तुला सपाट रस्ता कुठं घावणार? चढ-उतारच सगळे."

"न्हाय घावत."

"मग आमच्याकडं राहायला ये. जायच्या दिवसापातूर सरावाला मी येते. वारा मी अंगावर घेते, तू माझ्या चाकामागं राहा." तिनं दुसरा पाय आईच्या मांडीवर ठेवला. "पण पाणी तुझं तू आणायचं."