तार कमी, वीज कमी

“मामा, ही शेगडी इथेच ठेवा. आईच्या हातात पुन्हा द्यायची नाही,” असं म्हणत गल्लीतल्या नर्सबाईंच्या, म्हणजे सिस्टरांच्या, मुलानं विजेची शेगडी काउंटरवर आदळली आणि शेजारी जळका स्विचबोर्ड ठेवला. “शेगडी चालू ठेवून आंघोळीला गेली. मी वेळेवर पोचलो म्हणून भिंत काळी होण्यावर निभावलं. उद्या खोली सोडून तिला माझ्याकडे नेतोय. तिच्या डोक्याचा आता भरवसा नाही.”

“सिस्टर काय म्हणतात?”

“आधी म्हणाली, बंद केली होती. मग म्हणाली, केली असेन. काल म्हणाली, तुझंच खरं.”

काहीही तुटकं जोडून देतो म्हणून गल्लीनं दुकानदाराचं नाव ठेवलं होतं जोडमामा. आणि हा असा बहाद्दर, की नावाला जागायचं म्हणून फुकटातही जोडून द्यायचा. शेगडीची कॉइल तुटली की जळका तुकडा कापायचा, उरलेली स्प्रिंग ओढून खाचेत बसवायची, आणि वर ऐटीत सांगायचं, “तार कमी, वीज कमी. बिलातही फायदा.” लोक हसायचे, तोही हसायचा. सिस्टरांनी मात्र एकदा विचारलं होतं, “नक्की ना रे?” उभा जन्म इस्पितळात थेंब मोजून औषध दिलेली बाई ती, विचारणारच. यानं छातीवर हात ठेवून नक्की म्हणून सांगितलं होतं.

मुलगा गेल्यावर मामानं बोर्ड उघडला. बटणातल्या दोन पत्त्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. म्हणजे वरून बटण बंद केलं तरी आत वीज चालूच. पण पत्त्या वितळाव्यात इतका करंट आला कुठून?

त्यानं शेगडी दुकानातल्या जाड वायरीवर लावली आणि खिळ्याला टांगलेला, वायरीला धरून करंट मोजायचा चिमट्याचा मीटर काढला. घेतल्यापासून तो मीटर शोभेलाच होता, मामाचं सगळं काम टेस्टरवर भागायचं. मीटरनं दहा अँपिअर दाखवले. शेगडीच्या बुडाशी छापलं होतं, २२० व्होल्ट, ११०० वॉट. म्हणजे नवी असताना पाच अँपिअर.

खोक्याच्या पुठ्ठ्यावर तो पेन्सिलीनं हिशेब मांडायला बसला. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध. दोनशेवीस भागिले पाच, चव्वेचाळीस ओहम. दोनशेवीस भागिले दहा, बावीस ओहम. कापून कापून तार अर्धी झाली होती आणि रोधही अर्धा. इथवर त्याला बरंच वाटलं, अर्धा म्हणजे कमीच की. मग त्यानं व्होल्टला अँपिअरनं गुणलं. दोनशेवीस गुणिले दहा, बावीसशे वॉट. अकराशेच्या दुप्पट, आणि तेही पाच अँपिअरच्या बटणातून.

गुणाकार चुकला असेल म्हणून पुन्हा केला. दहानं गुणण्यात काय डोंबल चुकणार.

अडवणारी तारच कमी केली तर वीज जास्त धावणार, हे सूत्र त्यानं परीक्षेत घोकून लिहिलं होतं. लिहिलं आणि विसरला. फ्यूज सारखा उडतो म्हणून सिस्टरांनी बोलावलं होतं, तेव्हा आपणच जाड तार घालून आलो, हेही आता आठवलं. त्याचे कान तापले. दुकानात कोणी नव्हतं, तरी त्याला पुठ्ठा उलटा करून ठेवावासा वाटला.

बायको डबा घेऊन आली. सगळं ऐकून म्हणाली, “झालं ते झालं. मुलगा आईला घरीच नेतोय, वनवासाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या दुकानाची पायरी चढेल का कोणी?”

“अगं, बाई स्वतःला वेडी समजायला लागलीय.”

“मग सांगा, बोर्ड जुना होता. तेवढं पुरे.”

बोर्ड जुना होता, हे खोटंही नव्हतं. तेच वाक्य घोळवत मामा बोर्ड आणि पुठ्ठा घेऊन सिस्टरांकडे गेला.

मुलगा खोक्यांना दोरी बांधत होता. आत सून कागदात बश्या गुंडाळत होती. आणि एरवी सगळ्यांना कामाला लावणाऱ्या सिस्टर खुर्चीत गुपचूप बसल्या होत्या.

“ये, जोड्या. चहा विचारला असता, पण मला आता काही पेटवू देत नाहीत.”

“बोर्ड जुना होता,” मामा म्हणाला.

मुलानं मान डोलावली. तेवढ्यावर परत फिरता आलं असतं.

“बोर्ड जुना असो नाही तर नवा,” सिस्टर म्हणाल्या, “बंद मीच करायला हवं होतं ना.”

मामाला ते ऐकवेना. “तुम्ही बंद केलं होतं,” तो म्हणाला. “हे बघा, आतून चिकटलंय. शेगडीची तार मी कापत गेलो, म्हणून ती दुप्पट वीज ओढायला लागली. तुम्हाला मी उलटंच सांगितलं. फ्यूजमध्ये जाड तारही मीच घातली.”

मुलाच्या हातातली दोरी सुटली. “मामा, एवढी वर्षं धंदा करताय तुम्ही. जीव गेला असता तिचा.”

“हो,” मामा म्हणाला. त्याची मान काही वर होईना.

सिस्टरांनी चष्मा लावला. चिकटलेल्या पत्त्या नखानं उचकटून पाहिल्या. मग पुठ्ठ्यावरचा भागाकार आणि गुणाकार, बोट ठेवून, ओठात पुटपुटत तपासला.

“म्हणजे मी बंद केली होती.”

“हो.”

“विसरले नव्हते.”

“नाही, सिस्टर.”

सिस्टर उठल्या. मामाला वाटलं, आता मुस्काटात बसणार, आणि बसली असती तर त्याला हायसंच वाटलं असतं. पण त्या आतल्या दाराकडे बघत होत्या. बश्यांच्या कागदाचा आवाज थांबला होता.

“जोड्या, हे पुन्हा सांग,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं सांग, तिला आत नीट ऐकू जाऊ दे. मग बाहेर चल, शेजाऱ्यांनाही सांग.”

मामानं घसा खाकरला, आणि तार मी कापली, इथपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.