लॉरेन्स अव्हेन्यूवरचा आग्रह

माझी सून दीपा गुणाची आहे, आणि तिच्या घरात मी महिनाभर अर्धपोटी राहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या. ती सहा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आली, शाळा-कॉलेज सगळं इथलंच. टेबलावर भांडी मांडून ती विचारायची, "आई, अजून भात?" मी म्हणायची, "नको." ती म्हणायची, "ओके." की भांडं गेलंच फ्रीजमध्ये.

आता पंगतीत जेवलेल्या माणसाला सांगायला नको की पहिलं 'नको' रीतीचं असतं. आमच्या रेवदंड्याला पाहुणा नको म्हणाला की वाढणारीला जोर चढतो. तो ताटावर आडवा हात धरतो, ती हाताच्या बाजूने वाढते, दोघं हसतात, मग कुठे जेवण झालं म्हणायचं. आपणहून मागायचं, तेही सुनेच्या घरी? उपाशी मेले असते, पण मागितलं नसतं. रात्री उठून फ्रीज उघडायचा तर तो मेला उजेड पाडतो. संजीवने, माझ्या मुलाने, आग्रह केला असता, पण त्याची कंपनी त्याला सोमवार ते शुक्रवार गावोगाव फिरवायची.

मी आले होते दीपाच्या बाळंतपणाला. तिची आई दोन वर्षांपूर्वीच गेली, आणि आता बाळ यायला महिनाच उरला होता. डिंक, अळीव, बाळंतशोपा, सगळं बॅगेत भरून शिकागोजवळच्या शॉमबर्गला, त्यांच्या घरी पोचले, आणि बाळंतिणीआधी मीच वाळायला लागले. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. डॉक्टरने रक्त तपासलं, काही निघालं नाही. भूक कमी झाली आहे, घरची आठवण येत असेल, असं तो म्हणाला. भूक कमी! पोटात कावळे ओरडत होते ते त्याच्या नळीला ऐकू आले नाहीत.

संजीवने मात्र मनावर घेतलं. "आई, तुझं मन इथे लागत नाही. तुझे हाल करून आम्हाला मदत नको. शनिवारचं तिकीट आहे, आम्ही इथे मॅनेज करू," असं त्याने फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हटलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मला जायचं नव्हतं. पहिलं नातवंड हातात न घेता परत जायचं, आणि तेही भूक लागत नाही म्हणून!

गुरुवारी सकाळी दीपा गाडीची किल्ली घेऊन उभी राहिली. "आई, तो रवी सांगत होता, शिकागोत लॉरेन्स अव्हेन्यूला कोरियन एरिया आहे. तिथे ड्राइड श्रिंप मिळतात. तुम्हाला सोडे आवडतात ना? जायच्या आधी एकदा तरी..." रवी म्हणजे पीएच.डी. करणारा नागपूरचा मुलगा, रविवारी जेवायला यायचा. तो मात्र न विचारता वाढून घ्यायचा. मी म्हटलं, "अगं, या अवस्थेत कशाला एवढं ड्राइव्ह करतेस?" पण नशिबाने तिने मोजे चढवलेले होते, नाहीतर 'ओके' म्हणून परत बसली असती.

त्या रस्त्यावर उतरले आणि मला बरं वाटलं. पाट्या सगळ्या त्यांच्या लिपीत, मला आणि दीपाला सारख्याच न कळणाऱ्या. एका दुकानाच्या दारात मांडीएवढे मुळे रचलेले, आत लाल तिखटाच्या पिशव्या, तिळाचं तेल, आणि सुक्या मासळीचा तो वास! दीपाने नाकाला रुमाल लावला, मी पदर बाजूला करून श्वास घेतला. पाकिटातले सोडे आमच्यापेक्षा बारीक होते, पण सोडेच. दोन बायका मुळ्याला नख लावून बघत होत्या आणि दुकानदार त्यांच्यावर खेकसत होता. मीही लावलं. माझ्यावरही खेकसला. इतकं घरच्यासारखं मला महिन्याभरात कुठे वाटलं नव्हतं.

शेजारच्या खाणावळीत आम्ही जेवायला बसलो. मालकीणबाई माझ्याच वयाच्या, पाक त्यांचं आडनाव. भात आला तो झाकणाच्या स्टीलच्या वाटीत, शेजारी माशाचं लाल कालवण, आणि भोवती छोट्या बशा: मोड आलेली कडधान्यं, तीळ लावलेला पालक, आंबट मुळा, तिखटगोड सुकी मासळी. अगदी ताटाची डावी बाजू. पानात टाकायची मला सवय नाही, मी बशी पुसून संपवली. पाकबाईंनी ती उचलली आणि भरून आणली. मी तळवा आडवा धरून म्हटलं, "नको, नको."

दीपा लगेच मदतीला आली. "प्लीज, शी इज नॉट व्हेरी हंग्री."

पाकबाईंनी मला खालून वर न्याहाळलं. "हंग्री!" त्या म्हणाल्या आणि माझ्या हाताच्या बाजूने बशी सरकवली. वर भाताची आणखी एक वाटी आणून ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. "ईट! ईट!"

मग मी जेवले. लाजलज्जा सोडून जेवले. पालक तीनदा आला, मासळी दोनदा, आणि दर वेळी मी नको म्हटलं, दर वेळी त्या हसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाचं नव्हतं.

दीपाचा चमचा कधीचा थांबला होता. "आई, तुम्ही नको म्हणालात ना?"

"हो."

"मग खाताय?"

"त्यांनी वाढलं ना."

"पण यू सेड नो!"

"अगं, पहिल्यांदा नकोच म्हणतात. हावरटासारखं हो म्हणायचं का?"

पोरगी हुशार आहे, हिशेब लागायला वेळ लागला नाही. "घरीपण? रोज? आई, यू वेअर हंग्री? माझ्या घरात?"

"छे गं," मी म्हटलं.

"आई, खरं सांगा."

मी भाताच्या वाटीत बघितलं. तेवढ्यावरून तिला कळलं. तिचा चेहरा असा झाला की मलाच अपराध्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "तुझं काय चुकलं? तुला कोणी शिकवलंच नाही. तू एकटी सगळं रांधतेस, विचारतेस, अजून काय करायचं माणसाने?"

तिने चमचा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "आई, शनिवारचं तिकीट कॅन्सल करू? थांबाल?"

"नको गं. तुम्हाला कशाला त्रास?"

तिने तोंड उघडलं. 'ओके' अगदी ओठांवर आलं होतं, मला दिसलं. तिने ते गिळलं, मुळ्याची बशी उचलली आणि त्यातला मुळा माझ्या भातावर वाढला, जरा सांडवतच.

"थांबा ना, आई."

"अगं, संजीव म्हणतो तुम्ही मॅनेज कराल..."

"संजीव म्हणतो. मला नाही येत मॅनेज करता." तिने पोटावर हात ठेवला. "माझी आई असती तर तिला सांगितलं असतं. मला खूप भीती वाटते. थांबा."

"मग मी नाही कुठे म्हणतेय!" मी म्हटलं, आणि उठून तिला जवळ घेतलं.