कामतघर: ठीक

दुपारी वायरमन दर्शनचा फोन आला. "शेठच्या गल्लीत लाइट आली बघ आत्ता. सकाळपासून फेज गेली होती."

कोन गावातल्या आपल्या खोलीत बसलेल्या मनिषाने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. कामतघरातल्या केसरीनाथशेठच्या, कापड विणायच्या लूम शेडच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत 'ठीक' होतं. सकाळपासून तेच होतं.

प्रत्येक शेडमध्ये मनिषाने बसवलेल्या एका डब्यात पत्त्याच्या पानाएवढा स्वस्त कॉम्प्युटर आणि धुराचा सेन्सर होता. सगळ्यांची खबर गोळा करणारं मोठं मशीन मध्ये नव्हतं. डबे एकमेकांना आपली खबर देत आणि शेजाऱ्याची पुढे कळवत. एखादा डबा गप्प झाला की सगळीकडे भोंगा वाजे. उन्हाने डबे अडखळत आणि भोंगा उगाच वाजे, म्हणून शेठ ओरडायचा. गेल्या आठवड्यात मनिषाने सॉफ्टवेअर बदललं: डबा गप्प झाला तर शेजाऱ्यांनी त्याची शेवटची खबर सांगत राहायचं. किती वेळ सांगायचं, ही मर्यादा घालायची राहिली होती.

लाइट नसताना डबा बोलणार कसा? तिने खबरेची वेळ उघडली. सकाळची. लाइट येऊनही डबा उठला नव्हता.

त्या शेडच्या माळ्यावर तिची आई, सरू, सूत गुंडाळायच्या कांडी मशीनवर बसायची. उतरायला एकच जिना. मागचं दार चोरीच्या भीतीने कुलपात.

आईने फोन उचलला नाही. लूमच्या खडखडाटात तिला तो कधीच ऐकू येत नसे.

"दर्शन, शेडमध्ये जा ना!"

"मी काल्हेरला आलोय गं."

ती रिक्षाने निघाली, पण रिक्षा राजनोली नाक्यावर ट्रकांमागे अडकली. कामतघरावर धूर दिसत होता. सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्यांच्या चिमण्यांचा रोजचाच धूर. त्यात दुसरा मिसळला असला तर ओळखणार कसा? ती परत परत फोन लावत राहिली.

शेडमध्ये लूम चालू होते. हवेत कापूस उडत होता आणि जळक्या प्लास्टिकचा वास होता. जिन्याखाली डबा आणि त्याचा चार्जर कोऱ्या कापडात करकचून बांधलेला होता. कापड मधोमध काळं पडलं होतं. त्यातून धुराची बारीक रेघ जिन्याकडे चढत होती.

तिने मेन स्विच खाली ओढला, कापड फाडून पायाखाली तुडवलं. चार्जर वितळला होता.

"मॅडम, मेन क्यों गिराया? शेठ फाड़ के खाएगा!" एक कारागीर ओरडला.

सरू माळ्यावरून वाकली. "मने, तू हिथं कशी?"

"हे कुणी बांधलं, आई?"

"मीच. कापूस जात व्हता आत. तुझी वस्तू हाय, खराब व्हायला नको म्हनून."

"खाली ये. आधी खाली ये तू."

आई जिना उतरेपर्यंत मनिषाने कठडा सोडला नाही. मग मोबाइल उघडला. केसरीनाथ शेड: ठीक. खाली बाकीच्या शेडची नावं. सगळ्यांपुढे 'ठीक'.

तिने दर्शनला फोन लावला. "प्रत्येक शेडमध्ये माणूस पाठव. डोळ्यांनी बघायला सांग. पडद्यावर काय दिसतंय ते मला विचारू नकोस."

तो काही बोलायच्या आत ती शेजारच्या शेडकडे पळत सुटली होती.